सुंदराकाकीचा भाऊ

"काय गो बाय, इलो काय तुझो पक्षी पोवत?"

सुंदराकाकी कालवं काढायला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावर, उतरली होती. मी तिथेच, माझ्या नेहमीच्या दगडावर, डोळ्यांना दुर्बीण लावून बसले होते. समोर समुद्र, त्यापलीकडे निळसर किनारा, आणि मधल्या पाण्यावर कुरव आणि घारी सोडल्या तर काहीही नव्हतं.

"नाही आला, काकी."

"तुझा बूड झिजात, पण ह्या खडप झिजाचा नाय," असं म्हणून तिने कोयतीने एक कालव फोडलं आणि आतलं मांस माझ्या तळहातावर ठेवलं. आधी चेष्टा करायची आणि मग खायला घालायचं, ही तिची पद्धत. मी तिच्याच घरी राहत होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी मला भरपूर मिळत.

ही हकिगत वीस वर्षांपूर्वीची. मी कालिंदी शिंगटे, मूळची म्हसवडची, म्हणजे जिथे पावसाळ्यातही पाणी शोधत फिरावं लागतं तिथली. आणि पीएच.डी.च्या नादाने येऊन पडले होते कोंडवी नावाच्या बेटावर, जिथे जिकडे बघावं तिकडे पाणीच. बेटावर जेमतेम तीस घरं, सगळी गिरपांची, सगळ्यांचं कूळ एक. त्यामुळे बेटावरल्या मुलाला बेटावरली मुलगी चालत नसे. सून यायची ती पलीकडच्या किनाऱ्यावरून, होडीने तासभर पाणी कापून. त्या किनाऱ्याला ही मंडळी 'पलतड' म्हणत. जग म्हणजे कोंडवी आणि पलतड, एवढंच. मुंबईसुद्धा पलतडमध्येच मोडायची.

माझा पक्षी म्हणजे सातभाई. मातकट रंग, पिवळी चोच, पिसं कायम विस्कटलेली, आणि चेहरा असा की नुकतंच भांडण आटपून आलाय आणि दुसरं शोधतोय. थव्याने राहतो, थव्याने कलकलाट करतो. त्याच्या उडण्याला उडणं म्हणायचं ते केवळ सभ्यतेपोटी. एका झाडावरून खाली सूर मारायचा, दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी उतरायचं आणि मग फांद्या-फांद्यांवरून उड्या मारत वर चढायचं. रुंद शेत ओलांडायचं म्हटलं तरी हा दहा वेळा विचार करतो. असा पक्षी समुद्र ओलांडून कोंडवीवर आला कसा, हा माझा प्रश्न होता.

बरं, नुसता आला नव्हता, आल्यावर बदललाही होता. इथल्या सातभाईची चोच पलतडच्यापेक्षा लांब आणि जरा वाकडी, पाय दणकट, पंख आखूड. हे मी एकदा काकीला पेज पिताना समजावलं होतं.

"उन्हाळ्यात इथे जमिनीवर खायला काही उरत नाही, काकी. जे काही किडे-मकोडे असतात ते जांभ्या दगडाच्या भोकांत दडलेले. ज्या पिल्लाची चोच तिथवर पोचते ते जगतं. ज्याची पोचत नाही ते आषाढ बघत नाही. जगलेल्यांची पिल्लं पुन्हा लांब चोचीची. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं."

"म्हणजे हंय इल्यार शिकतत."

"शिकत नाहीत. ज्यांना जमतं ते उरतात."

काकीने पेजेची वाटी खाली ठेवली. "सुनांचा तसाच. हंय इलेल्यो अर्ध्यो सुना पयल्याच वर्सा म्हायाराक पळतत. उरतत त्यो लांब चोचीच्योच," असं म्हणून तिने पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आपल्या थोरल्या जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी तोंड फिरवलं.

तर, चोचीचं कोडं सुटलं होतं. अडलं होतं ते रक्तापाशी. पक्ष्याला जाळ्यात धरायचं, पायात कडं घालायचं, रक्ताचा एक थेंब नळीत घ्यायचा आणि सोडून द्यायचं, हा माझा उद्योग. त्या थेंबातल्या जनुकांचा एक भाग फक्त आईकडून पिल्लांना मिळतो. बाप कितीही आवाज करणारा असो, तिथे त्याचं काही चालत नाही. आई, तिची आई, तिची आई, असा वारसा मागे मागे शोधत जाता येतो. मी बेटावरचे थवे तपासले, किनाऱ्यावरच्या गावागावांतले तपासले, आणि निकाल बघून माझी झोप उडाली.

बेट जर खरंच तुटलेलं असतं, तर सगळ्या थव्यांचा वारसा एकसारखा निघायला हवा होता. आपापसांतच लग्नं लागून रक्त पातळ झालेलं, अंडी नासणारी, असं काहीतरी. इथे उलटच. देवळाकडचा थवा पलतडच्या मुणगी गावाशी जुळत होता. विहिरीकडचा खारगावाशी. धक्क्याजवळचा रेवसवाडीशी. एका थव्याला एक गाव, इतकं टापटीप. कोणीतरी पलतडहून नवं रक्त आणून बेटावर ओतत होतं आणि तेसुद्धा वाड्यावाड्यांवर वाटून. फक्त एक थवा कुठल्याच गावाशी जुळत नव्हता. तो नेमका सुंदराकाकीच्या परसातला. नकाशावर त्याच्यापुढे मी 'निनावी' असं लिहिलं होतं.

माझे मार्गदर्शक डॉक्टर निरगुडकर यांचा एक आवडता सिद्धान्त होता. वादळात सापडून पक्षी बेटावर जाऊन पडतात, असा. त्यावर त्यांनी एक शोधनिबंधही छापला होता. पण वादळ काही गावं निवडून पक्षी उचलत नाही आणि वाड्या निवडून टाकत नाही. माझे निकाल बघून सरांनी फोनवर शांतपणे विचारलं, "शिंगटे, नळ्यांची अदलाबदल केलीत का?"

"नाही, सर."

"मग पुरावा? मी मंगळवारी येतो. हे पक्षी कसे येतात ते दाखवा, नाहीतर कोंडवीचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकू."

कोंडवी काढलं तर प्रबंधात उरणार काय, नमस्कार आणि आभार. शिष्यवृत्ती संपत आली होती. म्हसवडला वडील दोन स्थळं तयार ठेवून बसले होते. म्हणून मी त्या खडपावर ठाण मांडलं होतं. बेटावरच्या एकूण एक माणसाला विचारून झालं होतं, "पलतडहून पक्षी येतात का हो इकडे?" सगळ्यांनी मनापासून सांगितलं होतं, "नाय गो बाय, पक्षी खंय येतलो?"

काकीची काळजी मात्र वेगळीच होती. बुधवारी तिच्या मुलाचं, रवळूचं लग्न होतं. कोंडवीवर मुली द्यायला आताशा कोणी तयार नसे, दवाखाना नाही, वीज येते आणि जाते. कित्येक वर्षांनी बेटावर लग्न उभं राहिलं होतं. मुलगी खारगावची, प्रणिता नावाची, पाच बहिणींतली धाकटी, हसरी. सगळं जमलं होतं आणि एकाच गोष्टीवर गाडं अडलं होतं. मुहूर्ताला नवऱ्याच्या पाठीशी मामा उभा राहतो. रवळूला मामा नव्हता.

कारण काकीला माहेरच नव्हतं. म्हणजे असणार कुठेतरी, पण कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं. तीन-चार वर्षांची असताना तिच्या सासऱ्याने तिला पलतडहून आणली होती, पुढे आपल्या मुलाला करायची म्हणून. आईबाप साथीत गेले होते, एवढंच तो सांगायचा. गावाचं नाव सांगायच्या आत तोही गेला, सासूही गेली. काकीला आठवायचं ते एवढंच, की आपण होडीत बसलोय आणि मांडीवर एक टोपली आहे.

"माझो भाव उभो रवात की रवळ्याच्या पाठीशी," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. मांडवाला नारळाच्या झावळ्या विणत त्या पडवीत बसल्या होत्या. "दर लग्नाक तोच तर रवता. त्यात काय मोठा?"

"नको. माझ्या झिलाक मामा आसा."

"खंय आसा?"

"आसा. माझो भाव आसा."

जाऊबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी मान खाली घालून झावळी विणू लागले. कारण हा भाऊ मला माहीत होता, निदान तसं मला वाटत होतं. रोज सकाळी काकी परसात कोकमाच्या झाडाखाली मूठभर भात टाकायची आणि म्हणायची, "भावाक जेवूक घालतंय." आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी कावळ्याला घास ठेवतात तसंच हे असणार, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बिचारीचा भाऊ गेलेला, त्यावर कशाला बोट ठेवा, म्हणून मी कधी एक अक्षर विचारलं नाही. शिकल्या-सवरलेल्या माणसाला अंगी मुरलेली नाजूक भावना कधीकधी फार महाग पडते. त्या भातावर रोज तुटून पडायचे ते सातभाई, आणि मी त्यांच्याच पायांत कडी घालत होते.

मंगळवारी दुपारी वऱ्हाडाची होडी लागली. त्या दिवशी पलतडहून दुसरी होडीच नव्हती, त्यामुळे निरगुडकर सर वऱ्हाडातूनच आले. सगळ्यांत आधी तेच उतरले, किंवा त्यांना उतरवलं. चेहरा हिरवट, टोपी एका कानावर.

"समुद्र," ते म्हणाले आणि धक्क्यावर बसले.

मी लिंबू कापून दिलं. ते चोखत चोखत त्यांनी डोळे मिटले. "आणि शेजारी कोणीतरी कोंबडी घेऊन बसलं होतं, शिंगटे. टोपलीत. तासभर नुसता कलकलाट. त्या कोंबडीमुळेच मला होडी जास्त लागली."

तेवढ्यात धक्क्यावर बायकांचा एकच गलका उठला. "व्हकल इली! भाव इलो!" नवरी उतरत होती. प्रणिताने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि दोन्ही हातांनी लाल फडक्याने झाकलेली बांबूची टोपली छातीशी धरली होती. बायका तिला ओवाळायच्या आधी टोपलीला ओवाळत होत्या.

मी भाऊ शोधत होते. तिला तर भाऊ नव्हता, त्या पाचही बहिणीच होत्या. मग एवढी सगळी "भाव इलो, भाव इलो" का करत होती? उतरणाऱ्यांत तसा कोणी तरुण दिसेना. मी बाजूला उभ्या रवळूला विचारलं, "नवरीचा भाऊ कुठला रे?"

"तो काय, टोपलेत."

आणि टोपलीतून आवाज आला. कॅ-कॅ-कॅ-कॅ, भांडायला उठल्यासारखा. तो आवाज मी तीन हिवाळे ऐकला होता.

मी किती जणींना ढकलून पुढे गेले ते आठवत नाही. एक ओवाळणीचं तबक सांडलं, एवढं नंतर मला ऐकवण्यात आलं. मी फडकं उचललं. आतून पांढऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे रागाने बघत होता तो एक सातभाई. चोच आखूड, सरळ. अस्सल खारगावचा.

"काकी," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला, "काकी, हे काय?"

"भाव," काकी म्हणाली. मला एवढं साधं कळत नाही याचं तिला नवल वाटलं. "व्हकलेक एकट्याक कसा धाडतत? म्हायारचो भाव नको बरोबर? होडयेत माणसांक जागा नसा, म्हणान ह्यो येता. मगे तेका आपल्या परसात सोडायचो. तो रवलो तर चेडू रवता."

"भाऊ टिकला तर मुलगी टिकते? म्हणजे दर सुनेबरोबर एक?"

"दर सुनेबरोबर. जन्माची रीत."

"काकी! मी अख्ख्या बेटाला विचारत फिरले, पलतडहून पक्षी येतात का म्हणून!"

"पक्षी खंय येता?" काकी आता खरंच चिडली. "ह्यो पक्षी काय? ह्यो भाव!"

मी धक्क्यावरच बसले, सरांच्या शेजारी. सरांनी लिंबू तोंडातून काढलं, टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचा छापलेला शोधनिबंध त्या टोपलीत बसून त्यांच्यावर ओरडत होता, आणि तोही त्यांच्याच पायाशी तासभर प्रवास करून आलेला.

"कोंबडी नव्हती तर," ते म्हणाले.

"नाही, सर."

"पण शिंगटे, हे नैसर्गिक स्थलांतर नव्हे. आणि वन खात्याला कळलं तर?" मग त्यांनी टोपलीत पुन्हा एकदा वाकून बघितलं. सर आखडू होते, पण खोटे नव्हते. "तसं बघायला गेलं तर," ते हळूच म्हणाले, "लग्न हे एक प्रकारचं वादळच. निबंधाला पुरवणी जोडता येईल."

कलत्या उन्हात मी पडवीत नकाशा पसरला. हळदीची तयारी टाकून बायका भोवती गोळा झाल्या, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच आपलं शास्त्र ऐकायला गर्दी जमलेली दिसली. मी देवळाकडच्या थव्यावर बोट ठेवलं. "हे मुणगीचे."

"माझा म्हायार मुणगी!" थोरल्या जाऊबाई ओरडल्या. "तां माझ्या भावाचा गोत!"

"विहिरीकडचे खारगावचे."

"ते माझ्या सासवेचे," कोणीतरी म्हणालं. "तीय खारगावची. मगे प्रणिताचो भाव थंयच सोडूया, तेका आपली माणसा गावतीत."

"धक्क्याकडचे रेवसवाडीचे." तीही सापडली, तान्हं मूल कडेवर घेऊन मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर ती एकदाच माहेरी जाऊन आली होती, आणि माहेर इतकी वर्षं धक्क्याजवळच्या करवंदीत कलकलाट करत बसलं होतं.

"एक गंमत सांगू?" मी म्हटलं. आता मला चेव चढला होता. "हा वारसा फक्त आईकडून येतो. ज्यांचा माग मला लागला, ते तुमचे सगळे भाऊ म्हणजे माद्या होत्या. तुम्ही भाऊ म्हणून बहिणी आणल्यात."

काकी लगेच म्हणाली, "म्हणानच रवलो. बाप्यो असतो तर मुंबैक गेलो असतो."

त्या हशात पडवीवरची कौलं हलली असतील. हसू ओसरल्यावर काकीच पुढे झाली. हातात पळी, पदर खोचलेला, आणि तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नाही.

"आणि माझ्या कोकमाखालचे, बाय?"

मी नकाशाकडे बघितलं. माझ्याच अक्षरात तिथे 'निनावी' लिहिलं होतं. चोचीच्या गप्पा मारताना, निकाल बघताना, कधीच माझ्या डोक्यात आलं नव्हतं की हा शब्द मी कोणाच्या परसात लिहिलाय.

"ते नाही सापडले, काकी. कुठल्याच गावाशी जुळले नाहीत."

"नाय गावले," ती म्हणाली. "बरा." आणि ती चुलीकडे वळली. जाऊबाईंनीसुद्धा त्या वेळी काही टोमणा मारला नाही.

"कोण, तो निनावी?" मागून निरगुडकर सरांचा आवाज आला. ते खांबाला टेकून चौथं लिंबू चोखत होते. "तो जुळला की, शिंगटे. खाडीच्या वरच्या अंगाचे नमुने तुम्ही गेल्या महिन्यात पाठवले होते ना? परवा निकाल लागला. कुंदवडी. अगदी तंतोतंत. तुम्हाला सांगणारच होतो, पण त्या होडीत माझी शुद्ध कुठे होती."

पळी खाली पडली. काकी उंबऱ्यावर बसली होती.

"काय म्हटल्यान?"

"कुंदवडी, काकी. खाडीच्या वरच्या टोकाला आहे. पण ऐका, हा पुरावा पक्ष्याचा आहे, तुमचा नाही. माझं शास्त्र एवढंच सांगतं की—"

"कुंदवडी," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, सावकाश, तोंडात घोळवून. "माझो भाव जंयचो, थंयचीच मी. तुझा शास्त्र तुका ठेव."

मला रडू आवरेना आणि रवळू तर हळदीआधीच उघड रडत होता. नवऱ्या मुलाने घर सोडायचं नव्हतं, म्हणून तो जाऊ शकत नव्हता, आणि हळद टाकून काकीलाही निघता येत नव्हतं. होडी भरतीला लगेच सुटली तर अंधारापूर्वी कुंदवडी गाठून मामाचं विचारता येणार होतं. मी उठले. माझ्यामागून निरगुडकर सरही उठले, टोपी सरळ केली, म्हणाले, "पुरावा पाहायला हवा," आणि ज्या समुद्राने त्यांना दुपारी पिळून काढलं होतं त्यातच निमूटपणे पुन्हा जाऊन बसले. त्या दिवशी मी त्यांचे सगळे फोन माफ केले.

कुंदवडीच्या देवळापुढे माणसं जमली. सरांनी त्यांना जनुकं समजावली, आधी शुद्ध मराठीत आणि मग हातवारे करून. एक म्हातारे तांडेल सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे पाखराचा रगात बगून तुमी आमच्या चेडवाचा घर सांगतास?"

"हो," सर म्हणाले.

"बरा."

पुढचा प्रश्न अवघड होता. देवीच्या साथीत गावातली सहा-सात घरं पार बसली होती, आणि त्यांतल्या कोणाची पोर होडीत गेली ते कोणालाच नक्की आठवेना. एक म्हणाला आमच्या काकाची, दुसरा म्हणाला छे, खालच्या घरची. मग सगळेच एकदम बोलू लागले. हात उडू लागले, जुन्या बांधाची भांडणंसुद्धा बाहेर निघाली. अर्धा तास कलकलाट चालला होता आणि त्यात सुंदराकाकीचं नाव कोणी काढत नव्हतं. आम्हाला ओहोटीबरोबर परतायचं होतं. निघताना तांडेल एवढंच म्हणाले, "चेडू आमच्या गावचा, ह्या तर खरा? मगे बगतो." त्या 'बगतो'चा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही, आणि काकीला मी तेवढाच शब्द नेऊन दिला.

बुधवारी सकाळी मांडवात थोरल्या जाऊबाईंचा भाऊ फेटा बांधून तयार होता. कोणाला न दुखवता, कोपऱ्यात, पण तयार. सनई लागली होती. आणि काकी घरात नव्हती.

ती माझ्या खडपावर होती. नवं लुगडं नेसून, माझ्याच दगडावर, माझी दुर्बीण डोळ्यांना लावून, उलटी. मी जवळ जाऊन दुर्बीण सरळ करून दिली. चेष्टा करायची माझी पाळी होती, पण ते काही मला जमलं नाही. मी नुसती शेजारी बसले.

त्या लग्नात पुढे काय झालं, भटजींनी "मामा कोण?" विचारल्यावर केवढी ढकलाढकली झाली, रवळूच्या पाठीशी जागा पुरेना म्हणून मांडवाचा एक खांब कसा उपटावा लागला, हे सगळं कोंडवीवर अजून सांगतात. माझा प्रबंधही पुरा झाला, कोंडवीच्या प्रकरणासकट. त्यात सरांनी एक 'वादळ' घुसवलंच. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते खडपावरचंच.

होडी दिसायच्या आधी ऐकू आली. वाऱ्यावरून भांडणाचा आवाज येत होता, एकाच वेळी सगळ्यांचा, कोणी उजवीकडून जाऊया म्हणतंय, कोणी डावीकडून. मग खाडीच्या तोंडातून होडी बाहेर आली. आत पांढऱ्या टोप्या, धोतरं, एक फणस, एक नवं कोरं लुगडं काठीला बांधून उंच धरलेलं. घर ठरेना, तेव्हा दर घरातला एक असे सगळेच निघाले होते.

काकीने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. ओठ हलत होते, ती मोजत होती. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

होडी खडपाला घासली आणि त्यांच्यात पहिला कोण उतरणार यावरून नवं भांडण सुरू झालं. काकी उठली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असा.

"इतकी वर्सा खंय होतास रे मेल्यांनू?"

होडीतले सगळे एकदम गप्प झाले. म्हातारे तांडेल टोपी काढून उभे राहिले. "वाट गावाक नाय, बाये," ते म्हणाले.

काकीने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उतरायला निघाली. चार पावलं गेल्यावर ती परत फिरली आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

"घे. माझे साती भाव इले. आता तू तुझो बग."